बैलू

त्या घरात कानडी समजणारे दोघंच होते. एक धुळाप्पा आणि दुसरा केंचा. त्यांतला केंचा हा बैल होता, आणि तो ऐन उन्हाळ्यात मुरूमच्या बाजारात विकला गेला होता.

धुळाप्पा मूळचा आळंदकडचा लिंगायत. पोरवयात मामाच्या शेतावर राबायला म्हणून इकडं आला, मामाचीच पोर केली आणि इथलाच झाला. पुढं निजामाचं राज्य गेलं, मग हैदराबाद राज्यही मोडलं, भाषेवर राज्यं वाटली गेली आणि धुळाप्पाचं गाव म्हैसूर राज्यात पडलं. "म्या बांधावर बसलो व्हतो तितंच हाय, आन् गाव माजं परमुलखात गेलं," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. बायकोशी मराठी, पोराशी मराठी, तलाठ्याशीही मराठी. कानडी उरली ती दोनच ठिकाणी. सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून पूजेला बसला की तो पुटपुटायचा ती कानडी, आणि औत हाकताना बैलांशी बोलायचा ती कानडी. त्यामुळं घरातल्यांना कानडी यायची ती बैलांना येत होती तेवढीच. निल्लु म्हणजे थांब, बा म्हणजे ये, नीर म्हणजे पाणी, बेकु म्हणजे पाहिजे. याच्या पलीकडं कुणाला कधी गरजच पडली नाही.

शिमग्याच्या सुमारास म्हाताऱ्याला ताप आला. ताप उतरला तेव्हा उजवं अंग लुळं पडलेलं होतं आणि मराठी गेलेली होती. साठ वर्षं बोललेली भाषा अंगावरचं घोंगडं ओढून घ्यावं तशी कुणीतरी काढून नेली होती. समजायचं सगळं, पण तोंडातून येईल ते कानडी. पाणी हवं असलं की "नीर बेकु" आणि सुनेला हाक मारायची तर "मगळे". मगळे म्हणजे लेक, हे जगदेवीला लग्न होऊन आली त्या वर्षीच कळलं होतं.

त्या वर्षाची एक गोष्ट ती कधी विसरली नव्हती. विहिरीवरून येताना तिच्या डोक्यावरची घागर उंबऱ्याला थडकून फुटली. पाणी अंगणभर. सासू तोंडाला येईल ते बोलत होती आणि ती पोर परकराच्या ओच्यात खापऱ्या गोळा करत रडत होती. धुळाप्पा बाजेवर बसून हे बघत होता. तो म्हणाला, "मगळे, घागर फुटली. पर घागरीत जी मोकळी जागा व्हती, ती फुटली का गं?" ती डोळे पुसत बघतच राहिली. "कुठं गेली ती? बघ बरं." तिनं खरोखर इकडंतिकडं बघितलं. म्हातारा खदखदून हसला आणि सासू म्हणाली, "ह्यान्लाबी आजच येड लागायचं व्हतं." सासरा थोडा खुळा आहे, पण माणूस चांगला आहे, असं जगदेवीनं तेव्हा ठरवून टाकलं ते टाकलंच.

आता सासू राहिली नव्हती, आणि त्याच सासऱ्याला ती रोज कुशीवर वळवत होती. पाठीला क्षतं पडली होती. ती कोमट पाण्यानं पुसायची, खोबरेल लावायची, खालचं धडपं बदलायची. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यानं लाजून डोळे मिटून घेतले होते. ती म्हणाली, "मामा, लेकीला कसली लाज?" तेव्हापासून तो डोळे उघडे ठेवायचा. पूजेच्या वेळी ती त्याच्या गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवायची. तो त्याच्याकडं एकटक बघत राहायचा. किती वेळ बघेल याचा नेम नसायचा, आणि ती तोवर हात धरून बसायची.

वर्ष वाईट होतं. ज्वारी हातची गेली म्हणून कडबाही नव्हता. बंडप्पानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, चिंचेचा पाला ओरबाडून घातला, छपरावरची पाचट काढून घातली. दोन बैलांची पोटं काही केल्या भरेनात. मागाहून जोडीला आणलेल्या मोऱ्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, त्याला कोण घेणार? केंचा मात्र अजून उभा होता. तांबूस अंगाचा, धुळाप्पानं वासरापासून हातानं चारलेला. बंडप्पा एका पहाटे त्याला सोडून घेऊन गेला आणि संध्याकाळी नुसता कासरा घेऊन आला. "अप्पाला बोलू नगं," एवढंच तो म्हणाला आणि न जेवता झोपला.

त्यानंतर काही दिवसांनी म्हाताऱ्यानं अन्न सोडलं. जगदेवी आंबील पाजायला बसली तर त्यानं ओठ मिटले. पाणी घातलं तर ते कडेनं ओघळलं. मग आढ्याकडं बघत तो स्वच्छ म्हणाला, "बैलू."

दारात दावं वळत बसलेल्या बंडप्पाचा हात थांबला.

"बैलू आगबेकु," म्हातारा पुन्हा म्हणाला.

"काय म्हनला अप्पा?" बंडप्पानं आत न येताच विचारलं.

"बैल पायजे म्हनत्यात."

"तुला काय ठावं?"

"बेकु म्हंजे पायजे. नीर बेकु म्हनत न्हवते का? तसंच, बैलू, अगं, बेकु."

मधलं 'आग' म्हणजे आपल्याला मारलेली हाक, हे तिनं धरूनच चाललं होतं. घरात होती नव्हती ती सगळी कानडी त्या एका अर्थात खर्ची पडली आणि अर्थ इतका चोख बसला की शंका घ्यायला जागा राहिली नाही. बंडप्पाचा चेहरा काळवंडला. बापाला कळलं होतं. बाजेवर पडल्या पडल्या, गोठ्यातल्या एका बैलाच्या रवंथाच्या आवाजावरून म्हाताऱ्यानं ओळखलं होतं.

त्यानं मोऱ्याला आणून दारात उभं केलं. म्हाताऱ्यानं मोऱ्याकडं बघितलं, मग त्याच्या शिंगांवरून पलीकडं बघितलं आणि म्हणाला, "बैलू." बंडप्पा बिचाऱ्या मोऱ्यावरच खेकसला आणि त्याला ओढत घेऊन गेला.

शेजारची मथुराबाई डोकावली. गावात कुणाचा जीव घुटमळत असला की तिला बोलवावं लागत नसे, ती येतच असे. म्हाताऱ्याचे तळपाय चाचपून तिनं निकाल दिला. "जगदे, ह्यान्ला नंदी दिसतोय. महादेवानं धाडलाय त्यो. बैल दारात आणा, त्येच्या कपाळाला हात लावू द्या, मंग जीव मोकळा हुईल. न्हाईतर असाच आडकून ऱ्हाईल, सांगून ठेवते."

आडकून राहणं म्हणजे काय हे जगदेवीला रोज दिसत होतं. ओठ फाटले होते, डोळ्यांच्या खोबणी खोल गेल्या होत्या, आणि श्वास मात्र चालूच होता. हा चांगला माणूस एका बैलापायी तळमळत मरणार, हे तिला सोसवेना.

"आवं, जाऊन मागून आणा की एक दिस," ती नवऱ्याला म्हणाली.

"इकलेलं जनावर कंच्या तोंडानं मागू?" बंडप्पा म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

"मंग म्या जाते."

केंचा घेतला होता ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या वजीरनं. सूर्य डोक्यावर येत होता तेव्हा जगदेवी निघाली. ओढ्यात वाळूच होती, आणि ती वाळू वहाणेच्या फाटक्या टाचेतून पायाला भाजत होती. वाडीच्या अलीकडच्या रानातच वजीरचा नांगर चालू होता. ढेकळं उलथून काळी पाठ वर करून पडली होती. केंचाच्या गळ्यात आता निळ्या मण्यांची माळ होती. जगदेवीचा वास लागल्याबरोबर तो नांगराच्या तासातच थांबला आणि हंबरला. वजीरनं चाबूक उगारला, मग ती कोण ते ओळखून खाली घेतला.

"वैनी, इकलेल्या बैलाला नुसतं बघायला कुनी येत न्हाय," वजीर म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण ऊन आणि काम यांनी वैतागला होता. "बोला, काय इचार हाय?"

तिनं सांगितलं. सांगताना तिचा पदर आपसूक पुढं पसरला गेला, आणि ते ध्यानात येताच तिला लाज वाटली. आजवर तिनं कुणाच्या बांधावर पदर पसरला नव्हता.

वजीर बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "येक डाव जुना खुट्टा बघितला की जनावर परत येत न्हाय वैनी. आन् आलं तरी त्येचं चित्त तितंच ऱ्हातं. माजी नांगरट आर्धी पडलीया."

बाभळीखाली त्याची आई अजीजाबी भाकरी सोडत बसली होती. तिथूनच ती ओरडली, "अरे वजीर! मरनेवाले की बात कोन टालताय? जू खोल पैले!" आणि जगदेवीला म्हणाली, "बेटी, इधर सावली में आ. पानी पी."

जगदेवी पाणी प्यायली. वजीरनं तोंडातल्या तोंडात पुटपुटत जू सोडलं. बैल एकटा द्यायची त्याची तयारी नव्हती, म्हणून कासरा हातात धरून तो स्वतःच निघाला. परतीच्या वाटेवर केंचा दोघांनाही मागं ओढत नव्हता, पुढंच ओढत होता.

घरी आल्यावर केंचानं आधी स्वतःचा खुट्टा हुंगला. मग ओसरी चढून आतल्या दाराशी आला. दार ठेंगणं. त्यानं मान खाली घालून शिंगं आत घेतली आणि तसाच उभा राहिला. त्याच्या नाकाचा ओला फुत्कार बाजेपर्यंत पोहोचला. जगदेवीनं म्हाताऱ्याचा डावा हात उचलून बैलाच्या कपाळावर ठेवला.

"केंचा," म्हातारा म्हणाला. सगळा चेहरा हसला. बोटं कपाळावरच्या भोवऱ्यात फिरत राहिली. मथुराबाईनं पदराला डोळे पुसले आणि आता जीव जाईल म्हणून ती हात जोडून उभी राहिली.

जीव गेला नाही. म्हाताऱ्यानं हात काढून घेतला, केंचाच्या पलीकडं, दारातून दिसणाऱ्या उन्हाच्या पट्टीकडं बघितलं आणि म्हणाला, "बैलू आगबेकु."

बंडप्पा कोसळलाच. बाजेच्या पायाशी बसून त्यानं बापाचे पाय धरले. "अप्पा, म्या इकला. चारा न्हवता अप्पा. तुमास्नी न सांगता इकला. ह्यो काय, आणलाय. आता आणखी कंचा बैल देऊ तुमास्नी?"

म्हातारा त्याच्याकडं बघत होता. त्या नजरेत राग नव्हता. पोराला आपलं बोलणं कळत नाही, एवढंच होतं.

कासरा धरून दाराबाहेर उभा असलेला वजीर वाकून आत बघत होता. "बंडप्पा," तो म्हणाला, "तुझा बाप बैल मागत न्हाय."

"आं?"

"कानडीत बैलाला एत्तु म्हंत्यात. आळंदच्या बाजाराला जनावरं घिऊन मी कैक डाव गेलोय. तिथं पावसाचं दिस नसलं की दलाल म्हंतो, बयलाग कट्टु. उगड्यावर बांध. बयलु. बयलु म्हंजे उगडं रान, मैदान."

मथुराबाईचे जोडलेले हात खाली आले.

"मंग रानात जायाचं म्हनत्यात का?" जगदेवीनं विचारलं. "बयलु, अगं, बेकु?"

"अगं न्हवं वैनी. आगबेकु. येकच शबुद हाय त्यो. आगबेकु म्हंजे..." वजीर थांबला. त्यानं मनाशी ते जुळवून बघितलं, आणि आपण जे सांगणार आहोत ते आपल्यालाच नीट कळत नाही अशा चेहऱ्यानं तो हळू बोलला. "आगबेकु म्हंजे हुयाला पायजे. रानात जायाचं असं न्हाय म्हनत त्यो. त्येला रान व्हायाचंय. मोकळं रान."

"मानूस रान कसं हुईल?" बंडप्पा म्हणाला.

"ते मला काय ठावं? शबुद हाय त्यो सांगितला."

जगदेवीचं लक्ष उंबऱ्याकडं गेलं. उंबऱ्याला थडकलेली घागर, अंगणभर पाणी, ओच्यातल्या खापऱ्या, सगळं एकदम डोळ्यांपुढं उभं राहिलं. घागरीतली मोकळी जागा कुठं गेली, बघ बरं. ती कुठं गेलीच नव्हती. ती आधीपासून बाहेर होती तीच आत होती. मधे नुसती माती होती. इतक्या वर्षांनी तिला ते कळलं, आणि कळल्याबरोबर तिला भीती वाटली, देवळात गाभाऱ्याच्या दारात वाटते तसली. ज्या देहाची घाण ती रोज काढत होती, त्या देहातला माणूस इतकं मोठं काही मागत होता आणि आपण त्याला बैल दाखवत होतो.

"गाडी जुपा," ती म्हणाली.

"आता? अशा अवस्थेत?"

"आवं, जुपा म्हनते ना."

मोऱ्याच्या जोडीला केंचा जुंपला गेला. वजीर नको म्हणाला नाही. गाडीत वाकळ अंथरली आणि म्हाताऱ्याला उचलून ठेवलं. उचलताना तो किती हलका झालाय हे बंडप्पाला पहिल्यांदा जाणवलं आणि त्याला रडू फुटलं. दर खड्ड्याला जगदेवी सासऱ्याचं डोकं मांडीवर सावरत होती.

त्यांचं रान गावच्या माळाच्या पोटाशी होतं. नांगरून टाकलेलं, झाड नाही, झुडूप नाही, बांधही पावसानं वाहून झिजलेला. ऊन उतरत होतं. मधोमध गाडी थांबवून त्यांनी म्हाताऱ्याला खाली, ढेकळांवर बसवलं. बंडप्पानं मागून आपल्या छातीचा टेका दिला. जगदेवीनं लिंग सोडून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

म्हाताऱ्यानं आधी तळहाताकडं बघितलं. मग मान वर केली. चारी बाजूंना रान होतं आणि रानाच्या कडेला आभाळ टेकलं होतं. मधे काही नव्हतं. वारा पडला होता. म्हाताऱ्याची छाती भरून आली, त्यानं एवढा मोठा श्वास घेतला की बंडप्पाला तो आपल्या छातीत लागला.

"नीर," तो म्हणाला.

जगदेवीनं लोटक्यानं पाणी पाजलं. ते ओघळलं नाही. गळ्याची गाठ वरखाली झाली.

"मगळे," तो म्हणाला आणि मग, जणू तिला बोट करून दाखवावं तसा, "बयलु."

"व्हय मामा," ती म्हणाली. "दिसतंय."

तो बघत राहिला. नेहमी लिंगाकडं बघायचा तसाच, एकटक. पूजा कधी संपेल याचा नेम नसायचा, म्हणून तीही सवयीनं त्याचा हात धरून बसून राहिली. सूर्य माळामागं गेला. गाडीजवळ उभ्या वजीरनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं, तेव्हा तिला समजलं. हात तिच्या हातात होता तसाच होता. आपण एकदाही दचकलो नाही, रडलो नाही, याचं तिला नवल वाटलं. मरण एवढं मोकळं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी खड्डा घेतला. वजीर रात्री ओसरीवरच झोपला होता. दगडाचा थर लागला तेव्हा पहार घेऊन तोही खाली उतरला. जंगमानं विभूती लावली, बेल वाहिला. रीतीप्रमाणं धुळाप्पाला पद्मासनात बसवलं, हातात लिंग दिलं आणि माती लोटली. वर माती उरून उंचवटा झाला. भाऊबंद म्हणाले, दगड आणून चौथरा बांधू, धुळाप्पासारखा माणूस होता. बंडप्पा मान हलवत होता.

"चौथरा नगं," जगदेवी म्हणाली.

सुनेनं चारचौघांत तोंड उघडलेलं कुणाला आवडलं नाही. बंडप्पानं तिच्याकडं बघितलं.

"त्यान्ला मैदान व्हायाचं व्हतं," ती म्हणाली. "तुमी परत खुट्टा ठोकताय का?" मग ती वजीरकडं वळली. "भाऊ, उलसा वेळ केंचा द्या. नांगर धरायचाय."

"अप्पाच्या अंगावरून नांगर?" बंडप्पाचा आवाज चिरकला.

"मामा ह्येच तर मागत व्हते न्हवं? मोकळं रान," ती म्हणाली.

बंडप्पा उंचवट्यापाशी गेला. मग त्यानं खोऱ्यानं ती माती चारी बाजूंना ओढली, आणि नांगर धरला. केंचा आणि मोऱ्या जुंपले गेले. उंचवट्यापाशी आल्यावर बंडप्पाच्या तोंडून मराठी निघेना. त्याच्या तोंडून बापाचंच निघालं, "बा, केंचा, बा." केंचा कान टवकारून चालू लागला. काळी माती दोन्हीकडं उलथत गेली. पहिल्या तासाला बंडप्पा रडत होता, नंतर रडणं थांबलं आणि तो नुसता नांगरत राहिला. दुपारपर्यंत सगळी पट्टी उलथून झाली. जू सुटलं. बंडप्पानं स्वतःच्या हातानं कासरा वजीरच्या हातात दिला. केंचानं एकदा मागं वळून बघितलं आणि वजीरबरोबर ओढ्याकडं निघाला.

पुरल्या जागेवर दूध घालायच्या दिवशी जगदेवी आणि मथुराबाई तांब्या घेऊन रानात गेल्या. जगदेवी बांधावरून उतरली, चार ढांगा चालली आणि थांबली. सगळीकडं सारखीच ढेकळं. गाडी उभी होती ती जागा कुठली, खड्डा कुठं होता, काही कळेना. ती इकडं गेली, तिकडं गेली, एकदा मागंही आली.

"अगं घाल की," मथुराबाई म्हणाली. "कुठं पुरलंय ध्यानात न्हाय का तुज्या?"

जगदेवीनं मान वर केली. माळापासून ओढ्यापर्यंत रान पसरलं होतं आणि कुठंही काही कमी नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि ती हसत होती.

"घालते की," ती म्हणाली. आणि उभी होती तिथंच तिनं दूध ओतलं.